पकडलेला मासा परत सोडताना

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी लागली होती. आंधळगावच्या उन्हाळ्यात सकाळी दहानंतर घराबाहेर पाय टाकवत नाही. मुले दिवसभर पंख्याखाली मोबाइल घेऊन बसलेली. मोहल्ल्यातल्या चार तरुणांनी माझ्याकडे येऊन सुचवले, "सर, मुलांसाठी तळ्यावर गळ टाकण्याची स्पर्धा घेऊ या." मला कल्पना आवडली. लहानपणी मीही बांबूची काडी, मोरपिसाचा दांडा आणि गांडुळाचा डबा घेऊन तळ्याकाठी तासन् तास बसलेलो आहे. मी लगेच हो म्हटले.

नियम सोपे ठेवले. सकाळी नऊ ते दुपारी तीन. ज्याचा मासा सर्वांत वजनदार त्याला पहिले बक्षीस. मासे मारायचे नाहीत. प्रत्येकाने आपला मासा पाण्याच्या बादलीत ठेवायचा, शेवटी वजन करायचे आणि सगळे मासे परत तळ्यात सोडायचे. "खेळही झाला आणि जीवही वाचले," असे मी भाषणात मोठ्या अभिमानाने सांगितले. एकतीस मुलांनी भाग घेतला. चार वाजता टाळ्यांच्या गजरात बादल्या पाण्यात रिकाम्या केल्या. फोटो काढले. सगळे खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी सहज तळ्याकडे फेरी मारली. काठाला पांढरी पोटे वर करून मासे तरंगत होते. रोहू, कटला, मृगळ, बहुतेक विताएवढे. मी मोजले. त्रेचाळीस भरले. आम्ही सोडलेल्या माशांपैकी किती जगले, हा हिशेब करायची हिंमत मला झाली नाही.

तळ्यावर एक म्हातारे ढिवर आधीच आले होते. ते मेलेले मासे गोळा करीत होते. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मास्तर, मासा बादलीत जगत नाई. आन् हे बीज सोसायटीनं पैसे देऊन सोडलं होतं."

ती दोन वाक्ये मला फार लागली. एक तर दया केल्याच्या समजुतीत मी जीव घेतले होते. दुसरे म्हणजे ते मासे माझे नव्हतेच. या लेखात त्यानंतर मी जे शिकलो ते सांगतो. आपल्या घरांतली मुलेही तळ्यावर, नदीवर, समुद्रावर गळ घेऊन जातात, म्हणून ते सर्वांच्या कामाचे आहे.

तळे कोणाचे?

आपला भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होण्यापूर्वी तर दोन्ही मिळून तळ्यांचा एकच मोठा मुलूख होता. इथली जुनी तळी मुख्यतः कोहळी समाजाने शेतीसाठी बांधली. मालगुजारीच्या काळात त्यांची देखभाल मालगुजार आणि गावकरी करीत, म्हणून त्यांना आजही 'मालगुजारी तलाव' किंवा 'मामा तलाव' म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तळी सरकारच्या ताब्यात गेली. गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी दुरुस्त करायची, हे प्रश्न तेव्हापासून मागे पडत गेले.

या तळ्यांवर पिढ्यान् पिढ्या पोट भरणारा समाज म्हणजे ढिवर. आज त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने तळी घेतात, ठेक्याची रक्कम भरतात, पावसाळ्यात मत्स्यबीज विकत आणून सोडतात आणि वर्षभर राखण करतात. म्हणजे एखाद्या तळ्यात हौसेने गळ टाकणे हे दुसऱ्याच्या शेतात शिरून कणसे तोडण्यासारखेच. काठावर कुंपण नसते म्हणून आपल्याला ते जाणवत नाही, इतकेच. आम्ही स्पर्धेची परवानगी कोणालाच विचारली नव्हती. तळे सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचे आहे, असे गृहीत धरले होते.

मेलेल्या बिजाची भरपाई आम्ही वर्गणी काढून संस्थेला दिली. संस्थेच्या मंडळींनी ती घेताना संकोच केला, पण घेतली. त्या बैठकीतच मला पहिल्यांदा कळले की या लोकांना तळ्याची किती बारीक माहिती असते. कुठला मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, पहिल्या पावसात चढणीचे मासे कुठल्या ओहोळाने वर येतात, मरळीची जोडी आपल्या लालसर पिल्लांच्या थव्यावर कशी पहारा देते, हे त्यांना तोंडपाठ आहे. आमच्याच पूर्व विदर्भात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मंडळींनी ढिवरांच्या याच ज्ञानाला हाताशी धरून तळ्यांमध्ये बेशरमाची झुडपे काढणे, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि स्थानिक मासे जपणे असे काम केले आहे. वरून बीज टाकून तळे भरत नाही, तळ्यातले घर नीट असावे लागते, हा त्या कामाचा धडा आहे.

मासा का मरतो?

बादलीतले मासे का मेले, हे शोधायला मी आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना पकडले. त्यांनी सांगितलेले सोप्या शब्दांत असे.

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, पस्तीस अंशांना तो सातच्या आसपास येतो. उलट गरम पाण्यात माशाच्या शरीराची गरज वाढते. मे महिन्यात, दुपारी, प्लॅस्टिकच्या बादलीत सात-आठ मासे म्हणजे बंद खोलीत माणसे कोंडण्यासारखे झाले.

त्यात गळाला लागलेला मासा आधीच दमलेला असतो. त्याने जिवाच्या आकांताने झुंज दिलेली असते, स्नायूंत आम्ल साठलेले असते. धावून आलेल्या माणसाचे तोंड-नाक दाबावे तसे आपण त्याला त्या क्षणी पाण्याबाहेर काढून धरतो. बाहेर कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि काम थांबते. १९९२ साली कॅनडातील दोन संशोधकांनी रेनबो ट्राउट माशांवर याची चाचणी केली. दमवून पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के मेले. एक मिनिट धरलेल्यांपैकी ७२ टक्के मेले. आपल्याला एका फोटोला एक मिनिट सहज लागते!

सगळ्या जाती इतक्या नाजूक नसतात. कावेरीतल्या निळ्या पराच्या महाशीरवर झालेल्या अभ्यासात तो मासा बराच चिवट असल्याचे दिसले. तरी झुंज लांबली की तोही जास्त गळून जातो.

आणखी दोन गोष्टी. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत असते. कोरड्या हाताने, रुमालाने किंवा वाळूवर टाकून तो थर निघाला की जखमेत बुरशी धरते. आणि मासा गळ गिळून बसला की तो ओढून काढण्यात आतले सगळे फाटते. म्हणूनच सोडताना छान पोहत गेलेला मासा रात्री मरतो. आपण पाहायला नसतो, आपल्याला वाटते आपण पुण्य केले.

दूरदेशीचा एक मासा

पकडून सोडण्याची ही रीत जगात कशी रुजली, हे वाचताना मला अमेरिकेतल्या 'मस्की' माशाची माहिती मिळाली. पूर्ण नाव मस्केलंज. उत्तर अमेरिकेच्या थंड सरोवरांतला हा लांबट, दातेरी, शिकारी मासा. तो इतका क्वचित गळाला लागतो की तिथले लोक त्याला 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात. विस्कॉन्सिन राज्याने १९५५ मध्ये त्याला राज्यमासा ठरवले. पण जो मोठा मासा सापडे तो मारून, पेंढा भरून भिंतीवर लावण्याची पद्धत होती. मोठा मासा म्हणजे अंडी घालणारी मोठी मादी. मस्की उशिरा वयात येतो, संख्येने मुळातच कमी असतो. वर्षानुवर्षे मोठ्या माद्या काढत गेल्यावर सरोवरे ओस पडू लागली.

१९६६ मध्ये मिनेसोटा राज्यात गिल हॅम नावाच्या गृहस्थांनी 'मस्कीज इंक' ही संघटना उभी केली. ज्यांना या माशाचा नाद होता तेच त्याच्या रक्षणाला उभे राहिले. सदस्यांनी मासे सोडायचे आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची. हळूहळू सरकारनेही किमान लांबीचा नियम वाढवत नेला. मिनेसोटात आज बहुतेक ठिकाणी ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही. याच सुमारास, १९७२ मध्ये, 'बास' माशाच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनीही आपल्या स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याचा आग्रह सुरू केला.

तिथल्या चांगल्या मस्की स्पर्धांत आता मासा काठावर आणतच नाहीत. पंच नावेतून स्पर्धकाकडे जातो, मासा पाण्यातल्या मोठ्या जाळीतच राहतो, लांबी मोजली जाते, फोटो निघतो आणि मासा सुटतो. गळ निघत नसेल तर कातरीने तो तोडतात, माशाला ओढत नाहीत. पाणी साधारण सत्तावीस अंशांच्या वर तापले की जाणते लोक मस्कीची शिकारच बंद ठेवतात. हे वाचले तेव्हा मला माझी मे महिन्यातली बादली आठवली.

महाशीर: लोणावळ्यापासून कावेरीपर्यंत

आपल्याकडे मस्कीच्या तोडीचा मासा म्हणजे महाशीर. सह्याद्रीच्या नद्यांत त्याला खडस किंवा खवल्या असेही म्हणतात. दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केली. आज त्या नदीची अवस्था काय आहे ते पुणेकर वाचकांना सांगायला नको. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात आणि पालघरमध्ये वाड्याजवळ तिळशाला गावकऱ्यांनी श्रद्धेने हे मासे जपले आहेत. तिथे कोणी त्यांना हात लावत नाही.

धरणे आणि सुरुंगाच्या मासेमारीने महाशीर कमी होत चालला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने महाशीरची पैदास सुरू केली. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मत्स्यशास्त्रज्ञांचे हे काम. महाशीरची कृत्रिम पैदास त्या काळी अवघड समजली जाई. ती त्यांनी साधून दाखवली आणि लाखो पिल्ले देशभर पाठवली. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असेच हे काम आहे.

यातली काही पिल्ले कर्नाटकात कावेरी नदीत सोडली गेली. कावेरीत पूर्वीपासून एक वेगळाच महाशीर होता. पाठीवर कुबड, शेपटी नारिंगी, वजन चाळीस-पन्नास किलोपर्यंत. १९४६ मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा मासा पकडल्याची नोंद आहे. या कुबड्या महाशीरसाठी जगभरचे हौशी मासेमार कावेरीवर येत. तिथे छावण्या उभ्या राहिल्या, मासा पकडून सोडण्याचा दंडक पडला. आधी सुरुंग लावून मासे मारणारी स्थानिक मंडळी वाटाडे आणि राखणदार झाली. जिवंत मासा मेलेल्या माशापेक्षा जास्त घरे चालवू लागला.

या छावण्यांपैकी गलिबोरे येथे प्रत्येक माशाची वही ठेवली जात असे. तारीख, किती तास गळ टाकला, कोणता मासा, किती वजन. १९९८ ते २०१२ या काळातली ही नोंद एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. तेवीस हजारांवर तासांची मासेमारी आणि सहा हजारांवर महाशीर तिच्यात होते. वरवर पाहता चित्र आनंदाचे होते. माशांची संख्या वाढत होती. पण जाती वेगळ्या करून पाहिल्यावर कळले की वाढत होता तो बाहेरून आणलेला निळ्या पराचा महाशीर. मूळचा कुबड्या वर्षागणिक कमी होत होता. जे थोडे सापडत त्यांचे सरासरी वजन मात्र वाढत होते. म्हणजे म्हातारे मासे उरले होते, नवी पिल्ले येत नव्हती. घरात फक्त आजोबा-आजी दिसावेत आणि पाळणा कधीच हलू नये, तशी ही स्थिती.

या कुबड्या माशाला बराच काळ शास्त्रीय नावही नव्हते. २०१८ मध्ये त्याची ओळख 'टॉर रेमादेवी' या नावाशी पक्की झाली आणि जागतिक यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवले गेले. जगातला इतका मोठा, इतका प्रसिद्ध मासा नामशेष व्हायच्या काठावर येईपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. लक्षात आले ते हौशी लोकांनी प्रामाणिकपणे ठेवलेल्या वहीमुळे.

२०१२ नंतर वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून अभयारण्याच्या हद्दीतल्या या छावण्या बंद झाल्या. मासेमारी, मग ती सोडून देण्याची का असेना, अभयारण्यात नको, असा एक पक्ष. छावण्या गेल्या की राखणदार गेले आणि सुरुंगवाले परत येतील, असा दुसरा पक्ष. दोन्ही बाजूंना माशाचे भलेच हवे आहे. मला यातून मिळालेले धडे दोन. चांगल्या हेतूनेही एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात सोडू नये. आणि नुसते सोडून भागत नाही, नोंदही ठेवावी लागते.

अम्मीचा प्रश्न

हे सगळे मी एका रात्री जेवताना घरात सांगत होतो. अम्मीने शांतपणे ऐकले आणि विचारले, "खाना नहीं है तो पकडते कायको?"

मी गप्प झालो. प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. आपल्याकडे मासा हलाल आहे, त्याला जबह लागत नाही, इहरामच्या अवस्थेतही पाण्यातल्या शिकारीला मनाई नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दालदी मुस्लिमांची घरेच्या घरे मासेमारीवर चालत आली आहेत. रोजीसाठी, खाण्यासाठी मासा पकडण्यात काही गैर नाही. पण केवळ करमणुकीसाठी जिवाला दुखवणे? जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करू नका, ही ताकीद आपण लहानपणापासून ऐकली आहे. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हकिकत प्रत्येक मकतबात सांगितली जाते.

गंमत म्हणजे अम्मीचा प्रश्न युरोपातल्या कायद्यातही आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला बंदी आहे. जर्मनीतही पुरेशा कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणे हा गुन्हा मानतात, त्यामुळे केवळ खेळ म्हणून मासे पकडण्याच्या स्पर्धांना तिथे जागा नाही. अमेरिकेत जी गोष्ट निसर्गप्रेम समजली जाते तीच शेजारच्या खंडात क्रूरता ठरते.

मी आलिम नाही, शिक्षक आहे. मसला सांगण्याचा माझा अधिकार नाही. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी जाणकारांना विचारावे. मी स्वतःपुरते एवढे ठरवले की स्पर्धा घ्यायचीच तर तिला काही कारण असले पाहिजे आणि त्या कारणाइतकाच त्रास माशाला व्हावा. मुलांना तळे ओळखता यावे, तळ्यात काय उरले आहे याची मोजदाद व्हावी, आणि ज्यांचे तळे आहे त्यांना दोन पैसे मिळावेत. या तीनपैकी एकही गोष्ट साधणार नसेल तर अम्मी म्हणते तेच बरोबर.

दुसरी स्पर्धा

यंदा जानेवारीत आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. या वेळी निमंत्रण मच्छीमार संस्थेचे होते. पंचही त्यांचेच, आणि मुख्य पंच ते म्हातारे ढिवरकाका. आम्ही ठरवलेले नियम इथे देतो. तुमच्या गावी कोणाला उपयोग होईल.

संस्थेची लेखी परवानगी आधी घेतली. प्रवेश फी पूर्ण संस्थेला दिली.

वेळ थंडीतली, सकाळी आठ ते अकरा. उन्हाळ्यात स्पर्धा नाही. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, मरळ पिल्ले राखते, म्हणून तेव्हाही नाही. पहाटे गवताळ तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून ऊन थोडे चढल्यावर सुरुवात.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला. असा गळ सहज निघतो. काही मासे हातचे सुटतात, पण ते चालते. एका दोरीला एकच गळ. दोरी मजबूत, म्हणजे झुंज लवकर संपते. काडी सोडून उठायचे नाही, कारण लक्ष नसले की मासा गळ गिळतो.

बादली बंद. वजनकाटा बंद. पंच मुलाजवळ जातो, ओल्या हाताने मासा ओल्या पट्टीवर ठेवतो, लांबी वाचतो आणि सोडतो. बाहेरचा वेळ पंधरा सेकंदांच्या आत. शेजारी उभे राहून एक मुलगी मोठ्याने आकडे मोजत होती. पंधराच्या पुढे गेले की त्या माशाचे गुण शून्य. गळ खोल गेला असेल तर ओढायचा नाही, दोरी तोंडाजवळ कापायची.

दमलेल्या माशाला पाण्यात सरळ धरून ठेवायचे. तो स्वतःच्या जोराने हातातून निसटेल तेव्हाच सोडायचे. फेकायचे नाही.

एक नियम ढिवरकाकांनी स्वतः घातला. चिलापी, म्हणजे तिलापिया, सापडला तर परत सोडायचा नाही. तो बाहेरून आलेला मासा आहे, तळ्यात पसरला की दुसऱ्यांना जागा ठेवत नाही. विदेशी मागूरचेही तसेच. त्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे. असा मासा घरी न्यायचा आणि खायचा. "सोडनं बी समजून सोडा," असे ते म्हणाले.

आणि शेवटचा नियम, प्रत्येक माशाची वही. जात, लांबी, वेळ, कोणत्या काठाला. पकडलेला मासा सोडल्यावर ज्याची नोंद अपुरी त्याला गुण नाहीत.

त्या दिवशी एकोणतीस मुले आली होती. वहीत अठ्ठावन्न मासे लिहिले गेले. बावीस चिलापी निघाले. मरळ फक्त एक, शिंगी दोन. ढिवरकाकांनी वही हातात घेतली, वाचता येत नसल्याने मला वाचायला सांगितली. चिलापीचा आकडा ऐकून त्यांनी मान हलवली. म्हणाले, त्यांच्या लहानपणी या तळ्यात मरळ, वाम, शिंगी एवढी असायची की पाहुणे आले तर टोपली टाकून येत. मुले गोल करून ऐकत होती. वर्गात मी परिसर अभ्यासाचा तोच धडा कितीदा शिकवला आहे, पण इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी पुन्हा तळ्यावर गेलो. या वेळी माझ्याबरोबर सहा मुले होती. आम्ही पूर्ण काठ फिरलो. तीन मासे मेलेले सापडले. तेही वहीत लिहिले.

तीन म्हणजे शून्य नव्हे. अम्मीला मी तो आकडा तसाच सांगितला. तिने एवढेच विचारले, "पहले कितने थे?" मी सांगितले, त्रेचाळीस. ती काही बोलली नाही. बावीस चिलापींपैकी चार आमच्या घरी आले होते, ते मात्र तिने मिरची-लसूण लावून तळले.

पालकांसाठी थोडेसे

तुमचा मुलगा किंवा मुलगी गळ घेऊन निघाली तर रागावू नका. मोबाइलपेक्षा तळ्याचा काठ केव्हाही चांगला. पण पाण्याजवळ मुलांना एकटे पाठवू नका, पोहता येणारे मोठे माणूस सोबत हवेच. तळे कोणी ठेक्याने घेतले आहे का ते विचारा आणि परवानगी घ्या. खायचे असतील तेवढेच मासे आणा आणि ते लवकर मारा, तडफडत ठेवू नका. सोडायचा असेल तर पाण्यातच सोडा, लगेच सोडा. घरच्या काचेच्या पेटीतला मासा नको झाला म्हणून तळ्यात किंवा नदीत टाकू नका. सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कोणी करताना दिसले तर संस्थेला आणि पोलिसांना कळवा.

जुटलेल्या दोरीचे तुकडे काठावर टाकू नका. नायलॉनची दोरी कुजत नाही, त्यात बगळे आणि कासवे अडकतात. मुलांच्या खिशात एक रिकामी डबी द्या, तुटलेली दोरी आणि वाकलेले गळ त्यात घरी परत आणायला सांगा.

तळे, त्यातले पाणी आणि मासे ही आपल्याकडे असलेली अमानत आहे. अमानत सांभाळण्याची पहिली अट म्हणजे आपल्याकडे काय आहे याचा हिशेब असणे. पुढच्या जानेवारीत ती वही पुन्हा उघडायची, असे मुलांनी आणि संस्थेने मिळून ठरवले आहे. मरळीचा आकडा एकाचा दोन झाला तरी मी ते यश मानीन. नाही झाला, तर तेही त्याच वहीत लिहू.